वेब प्रणालीतील ब्राउझर कुकीज : सर्व्हरच्या बाजूने एक अभ्यास

सारांश : एचटीटीपी या प्रोटोकॉलला स्वतःची स्मृती नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९४ साली कुकीची योजना करण्यात आली आणि आज लॉगिनची सोय असलेल्या बहुतेक वेब प्रणाली तिच्यावर अवलंबून आहेत. कुकी सर्व्हर देतो, परंतु ती राहते वापरकर्त्याच्या संगणकावर. त्यामुळे तिच्यात काय ठेवावे आणि तिच्यावर कितपत विसंबावे हा प्रणाली लिहिणाऱ्यापुढील पहिला प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखात कुकीची कार्यपद्धती, पीएचपी भाषेत तिचा वापर करताना येणाऱ्या अडचणी आणि सामायिक संगणकांवरील धोके यांचा महाविद्यालयीन प्रणालींच्या संदर्भात विचार केला आहे.

बीजशब्द : कुकी, सेशन, एचटीटीपी, पीएचपी, सर्व्हर, माहितीची सुरक्षितता

प्रस्तावना

गेल्या दोन दशकांत महाविद्यालयाचे बरेचसे कामकाज ब्राउझरमध्ये आले आहे. प्रवेश अर्ज, परीक्षा अर्ज, शिष्यवृत्तीचे प्रस्ताव, अंतर्गत गुणांची नोंद, ग्रंथालयाची सूची यांपैकी काहीच आता केवळ कागदावर राहिलेले नाही. यांतील मोठ्या प्रणाली बाहेरून येतात. लहान प्रणाली मात्र अनेकदा संगणकशास्त्र विभागातील एखादा शिक्षक उन्हाळी सुट्टीत लिहून देतो. प्रस्तुत लेखकाचा समावेश या दुसऱ्या वर्गात होतो, आणि या लेखाचे निमित्तही तेच आहे.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयासाठी अंतर्गत मूल्यमापनाच्या गुणांची नोंद ठेवणारी एक छोटी प्रणाली लेखकाने पीएचपी भाषेत तयार केली होती. लॉगिन यशस्वी झाल्यावर ही प्रणाली ब्राउझरला दोन कुकीज देत असे. एकीत वापरकर्त्याचा क्रमांक असे आणि दुसरीत त्याची भूमिका : विद्यार्थ्यासाठी १, शिक्षकासाठी २. पहिले सत्र प्रणाली विनातक्रार चालली. दुसऱ्या सत्रात तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी प्रयोगशाळेत आला आणि त्याने लेखकासमोर ब्राउझरमधील विकसकांसाठी असलेली खिडकी उघडून १ च्या जागी २ लिहिले. पान पुन्हा मागविताच त्याच्यासमोर गुण भरण्याचा तक्ता उघडला. त्याने एकही गुण बदलला नव्हता आणि तो स्वतःहून सांगण्यास आला होता. परंतु त्याच्या आधी कोणी हा मार्ग वापरला होता काय, या प्रश्नाचे उत्तर प्रणालीला देता येत नव्हते. वापरकर्त्याचा क्रमांकही कुकीतूनच घेतला जात असल्याने प्रत्येक बदल कोणत्या ना कोणत्या शिक्षकाच्या नावावरच नोंदला गेला असता. अखेर दोन्ही सत्रांचे सर्व गुण कागदी गुणपत्रकांशी हाताने ताडून पाहावे लागले. त्या कामास तीन सहकाऱ्यांचे पाच दिवस गेले.

चूक अज्ञानाची होती, पण ती विरळा नाही. पाठ्यपुस्तकांतील अनेक उदाहरणे 'कुकीत नाव साठवा व पुढील पानावर ते वाचा' येथेच थांबतात. वाचलेले नाव कोणी लिहिले आहे, हा प्रश्न त्यांत उपस्थितच होत नाही. तो प्रश्न केंद्रस्थानी ठेवून पुढील विवेचन केले आहे. संगणकशास्त्राबाहेरील प्राध्यापकांनाही प्रणाली निवडणाऱ्या समित्यांवर काम करावे लागते, म्हणून प्रत्यक्ष आज्ञावली येथे दिलेली नाही.

एचटीटीपी आणि स्मृतीचा अभाव

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हानजीकच्या सर्न या संशोधनसंस्थेत वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्यासमोर संशोधकांचे दस्तऐवज परस्परांशी जोडण्याचा प्रश्न होता. त्यासाठी आखलेला एचटीटीपी हा प्रोटोकॉल अत्यंत साधा होता. ब्राउझरने दस्तऐवज मागावा, सर्व्हरने तो द्यावा आणि व्यवहार तेथेच संपावा. त्याच ब्राउझरकडून क्षणभरात दुसरी मागणी आली तरी सर्व्हरच्या दृष्टीने ती सर्वस्वी नवी असते. दस्तऐवज वाचण्यापुरते हे योग्यच होते. कोणाचीच आठवण ठेवायची नसल्याने मर्यादित क्षमतेचा सर्व्हरही पुष्कळ वाचकांना सेवा देऊ शकत असे.

अडचण येते ती एकाहून अधिक पायऱ्यांच्या कामात. परीक्षा अर्जाच्या पहिल्या पानावर विद्यार्थ्याने आसनक्रमांक व संकेतशब्द दिला, दुसऱ्यावर विषय निवडले आणि तिसऱ्यावर शुल्क भरले, तर हे तिन्ही एकाच विद्यार्थ्याने केले हे सर्व्हरने कसे ओळखावे? जोडणीच्या आयपी पत्त्यावरून ओळखावे, तर संपूर्ण महाविद्यालयातील संगणक बाहेरच्या जगाला बहुधा एकाच पत्त्याचे दिसतात, आणि मोबाइलचा पत्ता प्रवासात बदलतो. ओळखक्रमांक दुव्याच्या पत्त्यातच घालावा, तर विद्यार्थी तो दुवा जसाच्या तसा मित्राला पाठवितो आणि मित्राच्या पडद्यावर याचा अर्ज उघडतो. पीएचपीत हा दुसरा मार्ग एके काळी सर्रास वापरला जात असे, आवृत्ती ५.३ पासून तो मूळ मांडणीतच बंद ठेवलेला आहे.

१९९४ साली नेटस्केप या कंपनीतील लू माँटुली यांनी यावर कुकीचा उपाय काढला. युनिक्सच्या जगात एका कार्यक्रमाने दुसऱ्याला द्यावयाच्या आणि त्याने न उलगडता परत करावयाच्या छोट्या मजकुराला 'मॅजिक कुकी' म्हणत. नाव तेथून आले. नेटस्केपच्या एमसीआय या ग्राहककंपनीला ऑनलाइन विक्रीची व्यवस्था हवी होती, परंतु अर्धवट राहिलेल्या खरेदीचा तपशील स्वतःच्या सर्व्हरवर सांभाळायचा नव्हता. तो भार ग्राहकाच्या संगणकावर टाकता यावा, ही कुकीमागची एक मूळ प्रेरणा होती. हा तपशील लक्षणीय आहे, कारण लेखकाच्या प्रणालीतील चूक नेमकी त्याच कल्पनेतून आली होती. खरेदीच्या टोपलीत काय आहे हे ग्राहकाने बदलले तर दुकानाचे काही बिघडत नाही. वस्तूची किंमत मात्र त्याच टोपलीत लिहून ठेवली, तर बिघडते.

पुढे फेब्रुवारी १९९७ मध्ये आरएफसी २१०९, ऑक्टोबर २००० मध्ये आरएफसी २९६५ आणि एप्रिल २०११ मध्ये आरएफसी ६२६५ हे मानक दस्तऐवज प्रसिद्ध झाले. पहिल्या दोहोंतील बऱ्याच सूचना ब्राउझरांनी पाळल्याच नाहीत. तिसऱ्याने ब्राउझर प्रत्यक्षात काय करतात तेच नोंदविले, म्हणून अभ्यासकाने तो आधी वाचावा.

कुकीचा प्रवास

सर्व्हर जेव्हा उत्तर पाठवितो, तेव्हा पानाच्या मजकुराआधी हेडरच्या काही ओळी जातात. त्यांत 'सेट-कुकी' अशी ओळ असल्यास ब्राउझर त्या ओळीतील नाव आणि मूल्य जपून ठेवतो. त्याबरोबर मुदत, कोणत्या संकेतस्थळाला व कोणत्या मार्गाला ती लागू आहे, आणि सुरक्षिततेच्या काही खुणा हा तपशीलही येतो. त्यानंतर त्या संकेतस्थळाकडे जाणाऱ्या प्रत्येक विनंतीत, अगदी बोधचिन्हाचे चित्र मागवितानाही, ब्राउझर 'कुकी' नावाच्या हेडरमधून ते नाव व मूल्य परत पाठवितो.

येथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. ब्राउझर परत पाठवितो ते केवळ नाव आणि मूल्य. मुदत, मार्ग, खुणा यांपैकी काहीही परत येत नाही. म्हणजे समोर आलेली कुकी आपणच दिली होती काय, तिची मुदत कधी संपते, ती मध्येच कोणी बदलली काय, हे सर्व्हरला त्या ओळीवरून कळण्याचा मार्ग नाही. अर्जातील रकान्यात विद्यार्थ्याने लिहिलेला मजकूर आणि कुकीतून आलेला मजकूर यांची विश्वासार्हता सारखीच धरावी लागते. अर्जातील जन्मतारीख आपण तपासून घेतो. कुकी मात्र 'आपलीच' वाटते, आणि गफलत तेथे होते.

पीएचपीत काम करताना या प्रवासाचे दोन परिणाम नवख्याला हमखास अडवितात. पहिला असा की हेडर मजकुराआधी जात असल्याने कुकी देण्याची आज्ञा पानाचे एकही अक्षर बाहेर पडण्यापूर्वी द्यावी लागते. तसे न केल्यास 'हेडर्स आधीच पाठविले गेले आहेत' अशा अर्थाची सूचना येते. मराठीतून पाने लिहिणाऱ्यांना ही सूचना विशेष छळत असे. विंडोजच्या जुन्या नोटपॅडमध्ये देवनागरी मजकूर यूटीएफ-८ पद्धतीने साठविला की फाइलच्या प्रारंभी तीन अदृश्य बाइट जोडले जात. तेच पानाचा पहिला मजकूर म्हणून बाहेर पडत आणि कुकी जात नसे. आज्ञावलीत डोळ्यांना कोणतीही चूक दिसत नसल्याने तासन्‌तास शोध चाले. बाहेर जाणारा मजकूर थोडा साठवून मग पाठविण्याची सोय स्वतःच्या संगणकावर चालू आणि प्रत्यक्ष सर्व्हरवर बंद असल्यास हीच चूक घरी दिसत नाही, महाविद्यालयात दिसते.

दुसरा परिणाम असा की दिलेली कुकी त्याच पानात वाचता येत नाही. पीएचपीत कुकीज ज्या ॲरेमध्ये मिळतात, तो आलेल्या विनंतीवरून भरलेला असतो. आपण आत्ता दिलेली कुकी ब्राउझरकडे जाऊन पुढच्या विनंतीबरोबर परत येईपर्यंत त्यात दिसणार नाही. कुकी पुसण्याचेही असेच आहे. पुसण्याची स्वतंत्र आज्ञा प्रोटोकॉलमध्ये नाही. त्याच नावाची कुकी उलटून गेलेल्या तारखेसह पुन्हा पाठवावयाची, म्हणजे ब्राउझर ती टाकून देतो. देताना जो मार्ग व जे संकेतस्थळ सांगितले होते तेच पुसताना सांगावे लागते, अन्यथा जुनी कुकी तशीच राहते.

देवनागरी मजकुराविषयी एक सूचना येथेच नोंदविणे इष्ट. कुकीच्या मूल्यात मूळ रोमन संचातील मोजकी चिन्हेच चालतात, म्हणून पीएचपी इतर अक्षरांचे टक्क्याच्या चिन्हासह सांकेतिक रूपांतर करते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि रूपांतरानंतर त्याची नऊ अक्षरे होतात. 'महाराष्ट्र' या शब्दात काना व हलन्त धरून दहा चिन्हे आहेत. कुकीत तो ९० अक्षरे व्यापतो. एका कुकीसाठी ब्राउझरांनी किमान ४०९६ बाइटांची सोय करावी असे आरएफसी ६२६५ सांगतो. नाव व अन्य तपशील धरूनची ही मर्यादा पाहता साडेचारशे देवनागरी चिन्हांपलीकडे भरवसा ठेवता येत नाही. विद्यार्थ्याचे पूर्ण नाव आणि पत्ता कुकीत ठेवण्याचा विचार याच कारणाने सोडून द्यावा. पुढे येणारे कारण अधिक गंभीर आहे.

बिल्ला आणि ठेव

मोठ्या देवस्थानांत पादत्राणे ठेवण्याची व्यवस्था असते. आपण जोडे देतो, सेवेकरी क्रमांकाचा बिल्ला देतो. बिल्ल्यावर जोड्यांचे वर्णन नसते, किंमत नसते, आपले नावही नसते. ते सर्व मांडणीत सेवेकऱ्याच्या ताब्यात असते. भाविकाने बिल्ल्यावर खडूने काही लिहिले तरी मांडणीतील जोडे बदलत नाहीत.

सर्व्हरवरील सेशन याच तत्त्वावर चालते. सेशनसाठी सत्र हा मराठी शब्द आहे, परंतु महाविद्यालयात तो सहामाहीला दिलेला असल्याने घोटाळा टाळण्यासाठी येथे सेशन असेच म्हटले आहे. लॉगिन झाल्यावर वापरकर्ता कोण हे सर्व्हर स्वतःजवळ लिहून ठेवतो आणि कुकीत केवळ एक यादृच्छिक क्रमांक देतो. पीएचपीत या कुकीचे मूळ नाव 'पीएचपीसेसआयडी', जावाच्या सर्व्हरांत 'जेसेशनआयडी'. सध्याच्या पीएचपीत हा क्रमांक सामान्यतः ३२ अक्षरांचा, म्हणजे १२८ बिटांचा असतो. अंदाजाने दुसऱ्याचा क्रमांक काढू पाहणाऱ्यास ३९ अंकी संख्येइतक्या शक्यता पडताळाव्या लागतील. लेखकाच्या जुन्या प्रणालीत त्या दोन होत्या.

सेशनची मुदत हा प्राध्यापकांना प्रत्यक्ष भोवणारा विषय आहे. पीएचपीच्या मूळ मांडणीत १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटे स्पर्श न झालेली सेशनची नोंद कचरा समजली जाते. ही साफसफाई प्रत्येक विनंतीला होत नाही, तर अधूनमधून होते. म्हणून नोंद कधी २५ मिनिटांत नाहीशी होते, कधी तासभर टिकते. साठ विद्यार्थ्यांचे गुण एकाच पानावर भरणाऱ्या शिक्षकाला चाळीस मिनिटे लागली, तर सर्व्हरच्या दृष्टीने तेवढा वेळ काहीच घडलेले नसते. शेवटी 'जतन करा' हे बटण दाबल्यावर लॉगिनचे पान येते आणि भरलेले गुण जातात. आपल्याकडे अशा वेळी इंटरनेटला दोष देण्याची पद्धत आहे. उपाय सोपा आहे : प्रत्येक ओळ भरताच ती सर्व्हरकडे पाठवावी, आणि मुदत संपल्याची वेळ प्रणालीने स्वतः सेशनमध्ये लिहून ठेवून तपासावी.

सेशनला पर्याय म्हणून सर्व माहिती कुकीतच ठेवून तिच्यावर गुप्त किल्लीने गणिती मोहोर उमटविण्याची पद्धतही रूढ आहे. तिला एचमॅक म्हणतात. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी मोहोर जुळत नाही, त्यामुळे १ चा २ करणारा विद्यार्थी तेथे अडकतो. परंतु मोहोर मजकूर झाकत नाही, आणि एकदा दिलेली कुकी मुदतीपूर्वी रद्द करावयाची झाल्यास सर्व्हरला पुन्हा नोंदवही ठेवावीच लागते. महाविद्यालयाच्या आकाराच्या प्रणालीला सेशन पुरेसे आहे असे लेखकाचे मत आहे.

बिल्ला दुसऱ्याच्या हाती पडला तर

बिल्ल्याच्या व्यवस्थेतील उणीव उघड आहे. जो बिल्ला दाखवील त्याला जोडे मिळतात. सेशनचा क्रमांक ज्याच्या हाती पडेल, त्याला संकेतशब्दाची गरज उरत नाही.

हे किती सोपे आहे याचे प्रात्यक्षिक ऑक्टोबर २०१० मध्ये जगाने पाहिले. एरिक बटलर या प्रोग्रामरने फायरफॉक्स ब्राउझरसाठी 'फायरशीप' नावाची जोडणी प्रसिद्ध केली. त्या काळी अनेक मोठी संकेतस्थळे लॉगिनचे पान तेवढे सांकेतिक करून पाठवीत आणि पुढील सर्व पाने उघडी ठेवीत. उघड्या वायफायवर बसलेल्या कोणालाही फायरशीपमुळे शेजाऱ्यांच्या कुकीज दिसत आणि एका क्लिकसरशी त्यांच्या खात्यात जाता येई. यावरचा उपाय तेव्हाही उपलब्ध होता : संपूर्ण संकेतस्थळ एचटीटीपीएसवर चालवावे आणि कुकीला 'सिक्युअर' ही खूण द्यावी, म्हणजे ब्राउझर ती उघड्या जोडणीवर पाठवीत नाही. दुसरी खूण 'एचटीटीपीओन्ली' ही मायक्रोसॉफ्टने २००२ साली इंटरनेट एक्सप्लोररमध्ये आणली. ती असली की पानातील जावास्क्रिप्टला कुकी वाचता येत नाही. सूचनाफलकावर विद्यार्थ्यांना मजकूर लिहिण्याची मुभा असेल आणि त्या मजकुरातून कोणी स्क्रिप्ट घुसविली, तर ही खूण सेशनचा क्रमांक वाचविते.

तिसरा मार्ग अधिक आडवळणाचा आहे. आपण बिल्ला स्वतःच्या इच्छेने दाखवितो. ब्राउझर मात्र तो आपोआप दाखवितो. शिक्षक गुणांच्या प्रणालीत लॉगिन असताना दुसऱ्या एखाद्या संकेतस्थळावर गेला आणि तेथील छुप्या अर्जाने गुणांच्या प्रणालीकडे विनंती धाडली, तर शिक्षकाची कुकी तिच्याबरोबर जाऊ शकते. याला प्रतिबंध म्हणून 'सेमसाइट' ही खूण आली. फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोमच्या ८० व्या आवृत्तीपासून, खूण नसलेली कुकी 'लॅक्स' समजण्यास सुरुवात झाली. दुव्यावर क्लिक करून आल्यास अशी कुकी पाठविली जाते. परक्या संकेतस्थळावरून पोस्ट पद्धतीने अर्ज आल्यास पाठविली जात नाही.

या बदलाचा फटका शुल्कभरणा करणाऱ्या प्रणालींना बसू शकतो, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. शुल्क भरण्यासाठी विद्यार्थी बँकेच्या किंवा मध्यस्थ कंपनीच्या पानावर जातो. पैसे कापल्यावर ते पान पुष्कळदा पोस्ट पद्धतीनेच महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर परत पाठविते. नव्या नियमाप्रमाणे या परतीच्या विनंतीबरोबर सेशनची कुकी येत नाही. सर्व्हर विद्यार्थ्याला ओळखत नाही, लॉगिनचे पान दाखवितो, आणि पैसे गेले पण पावती नाही अशी स्थिती होते. क्रोमने खूण नसलेल्या कुकीला ती दिल्यापासून दोन मिनिटांची सवलत ठेवली. त्यामुळे झटपट शुल्क भरणाऱ्याला पावती मिळावी आणि ओटीपीची वाट पाहत बसलेल्याला मिळू नये, असा चमत्कारिक प्रकार घडू शकतो. कार्यालयाला त्यात काही सूत्र सापडत नाही. काही प्रोग्रामर यावर 'सेमसाइट'चे संरक्षणच काढून टाकतात. लेखकाच्या मते ते चूक आहे. शुल्क भरल्याची खात्री कुकीवर किंवा विद्यार्थ्याच्या ब्राउझरने आणलेल्या निरोपावर कधीच अवलंबून ठेवू नये. व्यवहार क्रमांक घेऊन महाविद्यालयाच्या सर्व्हरने मध्यस्थ कंपनीच्या सर्व्हरला थेट विचारावे आणि मगच पावती तयार करावी.

जाहिरातदारांच्या, म्हणजे तृतीय पक्षाच्या कुकीजवर वृत्तपत्रांत बरेच लिहून येते. सफारीने २०२० साली त्या पूर्णपणे रोखल्या. गूगलने त्या बंद करण्याचा बेत जाहीर करून पुढे तो सोडून दिला. आपल्या विषयाशी त्यांचा संबंध थोडा आहे. लॉगिनची कुकी ही संकेतस्थळाची स्वतःची असते आणि तिला या वादाची झळ लागत नाही.

सामायिक संगणक

कुकीची सर्व मांडणी एका गृहीतकावर उभी आहे : एक ब्राउझर म्हणजे एक माणूस. आपल्या महाविद्यालयांत हे गृहीतक टिकत नाही. अर्ज भरण्याच्या दिवसांत प्रयोगशाळेतील एका संगणकावर एकाच विंडोज खात्यातून दिवसभरात तीस-चाळीस विद्यार्थी बसतात. तालुक्याच्या गावी हेच सायबर कॅफेत घडते. आधार क्रमांक, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँक खाते असे सर्व काही त्या अर्जांत असते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये माहिती गोळा करणाऱ्यावर वाजवी सुरक्षा उपाय योजण्याची जबाबदारी असून तीत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु एका मुलीच्या कुटुंबाचे उत्पन्न तिच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या मुलाच्या पडद्यावर दिसले, तर त्या मुलीला या आकड्याचा उपयोग नाही.

मुदत न दिलेली कुकी ब्राउझर बंद करताच नष्ट होते असे पुस्तके सांगतात. आज हे अर्धेच खरे आहे. 'मागे सोडले तेथून पुढे चालू' ही सोय निवडलेली असल्यास ब्राउझर अशा कुकीजही पुन्हा जिवंत करतो. 'मला लक्षात ठेवा' ही चौकट तर सामायिक संगणकासाठी असूच नये.

आणखी एक प्रकार प्रयोगशाळेत विशेष संभवतो. एखाद्याने संगणकावर लॉगिनचे पान नुसते उघडले, मिळालेला सेशन क्रमांक टिपून घेतला आणि तो उठून गेला. पुढच्या विद्यार्थ्याने त्याच पानावर लॉगिन केले. क्रमांक तोच राहिला, तर पहिला माणूस आपल्या मोबाइलवरून दुसऱ्याच्या खात्यात शिरू शकतो. म्हणून लॉगिन यशस्वी होताच जुना क्रमांक रद्द करून नवा द्यावा लागतो. पीएचपीत त्यासाठी एका ओळीची आज्ञा आहे. लेखकाने पाहिलेल्या विद्यार्थी प्रकल्पांपैकी फारच थोड्यांत ती आढळते.

गुणांची प्रणाली पुढच्या वर्षी नव्याने लिहिली. कुकीत आता सेशनचा क्रमांक तेवढा जातो. भूमिका प्रत्येक विनंतीच्या वेळी डेटाबेसमधून वाचली जाते आणि प्रत्येक बदलाची वेळ व करणारा स्वतंत्र तक्त्यात नोंदला जातो. ती तपासण्यासाठी त्याच विद्यार्थ्याला बोलाविले. तो तोवर पदव्युत्तर वर्गात गेला होता. कुकीचे मूल्य बदलून त्याला काही साधले नाही. मग त्याने शिक्षकाच्या खात्यातून बाहेर पडण्याचे बटण दाबले आणि कुकीज पाहिल्या. सेशनची कुकी अद्याप जागेवर होती. पीएचपीतील सेशन नष्ट करण्याची आज्ञा सर्व्हरवरील नोंद पुसते, ब्राउझरमधील कुकी पुसत नाही; ती स्वतंत्रपणे पुसावी लागते. ही दुरुस्ती केल्यावर त्याने ब्राउझरचे 'मागे' हे बटण दाबले, आणि पडद्यावर द्वितीय वर्षाच्या वर्गाचे सर्व गुण पुन्हा उभे राहिले. कुकी नव्हती, सर्व्हरवर सेशन नव्हते. ब्राउझरने स्वतःजवळ साठविलेले पान दाखविले होते. गुणांच्या प्रत्येक पानाच्या हेडरमध्ये 'कॅशे-कंट्रोल : नो-स्टोअर' ही ओळ घातली. त्यानंतर तेच बटण त्याने तीन निरनिराळ्या ब्राउझरांत दाबून पाहिले आणि तिन्ही वेळा लॉगिनचे पान आले.